कूस

बऱ्याच दिवसांपासून हे लिहीन लिहीन म्हणत होते. दोनदा अर्धं लिहून तसंच ठेवलंही. पण आमच्या घरातले बरेच जण इथे येऊन वाचतात आणि विषय असा आहे की कोणाला ना कोणाला लागणार. शेवटी परवा आत्यालाच फोन करून विचारलं, "लिहू का?" ती म्हणाली, "लिही की. माझं नाव नको घालूस फक्त." तर नाव घालत नाही.

आजी २०१३ च्या फेब्रुवारीत गेली. तेराव्याला पंगती उठल्यावर बायका आतल्या खोलीत टेकल्या होत्या. विषय साहजिकच आजीच्या शेवटच्या दिवसांचा. आत्या म्हणाली, "सगळं केलं हो वहिनीनं, नाही म्हणत नाही. पण आईची पाठ सांभाळायला हवी होती. अशा जखमा होतात म्हणजे कुठेतरी हयगय होतेच." वाईट हेतूनं नाही म्हणाली. रडत रडत म्हणाली. माझी आई तेव्हा दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं सगळ्यांना चहा दिला. बिनसाखरेचा कोणाला हवा तेही तिच्या बरोबर लक्षात होतं.

त्यानंतर आईनं हा विषय कधी काढला नाही. मीही नाही. पण "हयगय" हा शब्द आमच्या घरात राहायला आला तो आलाच.

आता सुरुवातीपासून सांगते. आजी पडली २०११ च्या गणपतीत. बाथरूममध्ये, ज्याला ती शेवटपर्यंत मोरीच म्हणायची. वय ८१. खुब्याचं हाड मोडलं. साखर आणि बीपी ताब्यात येईना म्हणून ऑपरेशन सहा दिवस लांबलं. तोवर पायाला वजन लावून उताणी. ऑपरेशननंतर आणखी आठ दिवस तिथेच, तेही बहुतेक उताणीच. "खाली आग होतेय" असं ती दोन-तीनदा म्हणाली होती. आम्हाला वाटलं ऑपरेशनचं दुखणं. दवाखान्यातल्यांनाही तेच वाटलं असावं, कारण एक वेदनाशामक गोळी वाढवून मिळाली. तिला कुशीवर करून पाठ बघावी असं कोणालाच सुचलं नाही.

घरी आणल्यावर आईनं पहिल्यांदा अंग पुसून घेतलं तेव्हा माकडहाडापाशी पाच रुपयांच्या नाण्याएवढा जांभळट-काळसर डाग दिसला. कातडी फाटलेली नव्हती. डिस्चार्ज कार्डावर औषधं होती, टाके काढायची तारीख होती, पथ्य होतं. या डागाबद्दल एक अक्षर नव्हतं.

आणि इथे माझा कबुलीजबाब. मी तेव्हा पुण्यात नोकरीला. शनिवार-रविवार घरी यायचे. फोनवर डागाचं ऐकून मी मोठ्या हुशारीनं पुण्याहून रबराची हवेची रिंग घेऊन गेले. मधे भोक असलेली. डाग भोकावर येईल, त्याला काही टेकणार नाही, असं माझं लॉजिक. शिवाय दिवसातून दोनदा स्पिरिट लावून, पावडर टाकून जागा चोळायची, असं शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं. तेही आम्ही इमानेइतबारे केलं.

दोन्ही चूक. रिंगच्या कडेवर सगळा भार येतो, कडेखालच्या रक्तवाहिन्या दबतात आणि मधल्या भागाला जो काही रक्तपुरवठा होत असतो तोही कमी होतो. आणि दबून आधीच अर्धमेली झालेली जागा चोळली की आतली नाजूक कातडी आणखी फाटते. म्हणजे जे टाळायचं तेच आम्ही प्रेमानं करत होतो.

दहाव्या-बाराव्या दिवशी तिथे काळी खपली धरली. मग वास. मग ताप. सर्जननी मेलेला भाग कापून काढला तेव्हा आत आईची अख्खी मूठ जाईल एवढा खड्डा होता. तळाशी हाड हाताला लागत होतं. बाबा बघून बाहेर जाऊन उभे राहिले. मला तर तेव्हा कळेचना की वर नाण्याएवढं दिसणारं आत एवढं कसं असू शकतं.

ते समजावून सांगितलं सिस्टरांनी. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, साठीच्या, स्कूटीवरून येणाऱ्या. रोज ड्रेसिंगला त्या येऊ लागल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी रिंग उचलून खुंटीला टांगली. रागावल्या नाहीत. "सगळेच आणतात," एवढंच म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं असं : कातडी आणि हाड यांच्यामध्ये जे मांस असतं ते चिमट्यात धरल्यासारखं दबतं. खाली गादी, वर हाड. दाब सगळ्यात जास्त हाडाजवळ असतो, म्हणून आधी मरतं ते आतलं. वरची कातडी शेवटी. "वर दिसतो रुपया, आत असते वाटी." आणि नुसता दाब नाही. माणसाला बसतं करून उशांना टेकवलं की तो हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. मग आपण बगलेत हात घालून त्याला वर ओढतो, तेव्हा हेच पुन्हा उलटं होतं. आजीला उशांना टेकून रस्ता बघायला फार आवडायचं. दिवसभर कोण आलं कोण गेलं याची नोंद तिच्याकडे असे. सिस्टरांनी ते एकदम बंद नाही केलं, जेवणापुरतं अर्धा तास ठेवलं.

ओढायचं नाही, उचलायचं. त्यासाठी आजीचंच एक जुनं सुती लुगडं निघालं. त्याची आडवी घडी तिच्या खांद्यापासून मांडीपर्यंत खाली घालायची, दोन बाजूंनी दोघांनी गुंडाळी करून धरायचं आणि एकदम वर उचलून सरकवायचं. धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं लुगडं. गोधडी मात्र अंगाखालून गेली. गोधडीच्या टाक्यांच्या ओळी आजीच्या पाठीवर उठलेल्या सिस्टरांनी आईला बोट फिरवून दाखवल्या.

बघायला शिकवलं तेही असंच. पुस्तकात लिहिलेलं असतं की लाल डाग दिसला, बोटानं दाबून पांढरा झाला नाही, की सावध व्हा. आपल्या सावळ्या कातडीवर ही लाली धड दिसतच नाही. सिस्टर म्हणायच्या, डोळ्यावर विसंबू नका, हाताची मागची बाजू लावा. शेजारच्या भागापेक्षा गरम लागतंय का, गार लागतंय का, दगडासारखं कडक की मळलेल्या कणकेसारखं मऊ. टाचा, घोटे, खुब्याची दोन्ही टोकं, खांद्यामागची हाडं, कान, डोक्याची मागची बाजू. कान! मला तर कधी सुचला नसता. कुशीवर झोपलेल्या माणसाच्या कानालाही होतं.

आणि बांगड्या. "ताई, अंगठी, घड्याळ, काचेच्या बांगड्या काढून ठेवा. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते, ओरखडा उठतो." आईनं त्याच दिवशी काढल्या. दोन प्लॅस्टिकच्या तेवढ्या ठेवल्या. त्या वर्षभरात घरी आलेल्या प्रत्येक बाईनं तिच्या हाताकडे बघितलं, आणि एकीनं तर सवाष्णीनं असं राहू नये म्हणून सुनावलंही. आईनं उत्तर दिलं नाही. "कोणाकोणाला टाच दाखवत बसू?" असं मला नंतर म्हणाली.

मग घराचं घड्याळ बदललं. दर दोन तासांनी कूस. एकदम काटकोनात आडवं नाही करायचं, कारण मग सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. साधारण ३० अंश कलतं करायचं आणि पाठीमागे उशी लावायची. पोटऱ्यांखाली उशी अशी की टाचा हवेत. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आई पेन्सिलनं लिहायची : १० डा, १२ उ, २ पाठ, ४ डा. रात्रीचे आकडेही तिच्याच अक्षरातले. बाबा मदत करायचे, पण त्यांना उठवावं लागायचं आणि उठवण्यापेक्षा आपणच केलेलं बरं, हे आईचं गणित. ब्यूरोतून एक बाई ठेवली होती, ती आठ दिवसांत गेली.

यातही एक भानगड होती. पलंग भिंतीला लागून. उजव्या कुशीला खिडकी आणि रस्ता, डाव्या कुशीला चार बोटांवर पोपडे आलेली भिंत. आजी डाव्या कुशीला टिकायचीच नाही, दहा मिनिटांत धडपडून उताणी. जखमेला तेच वाईट. दोन आठवडे आई तिला बाबापुता करत होती. मग एके दिवशी तिनं पलंग ओढून हॉलच्या बरोब्बर मध्यात आणला. एका कुशीला रस्ता, दुसऱ्या कुशीला स्वयंपाकघर. येणाऱ्या-जाणाऱ्यांना पलंगाला वळसा घालून सोफ्यावर जावं लागायचं, पण आजी डाव्या कुशीला टिकायला लागली, कारण तिथून आईच्या स्वयंपाकावर टीका करता येत असे. "फोडणी जळली गं" वगैरे.

आजीची जीभ शेवटपर्यंत शाबूत होती. घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली, हे कोडं आपण सगळ्यांनीच लहानपणी घातलेलं असतं. तीनही प्रश्नांना एकच उत्तर, फिरवलं नाही म्हणून. दोन तास झाले की आजी पलंगावरून हाक मारायची, "फिरवा गं बायांनो, भाकरी करपेल."

खाण्याचं मोठं कठीण. जखम भरायची तर प्रोटीन भरपूर हवं. सिस्टर अंडं सुचवून बसल्या आणि आजी माळकरी! तो विषय तिथेच मिटला. मग मुगाचं कढण, दूध, ताक, शेंगदाण्याचं कूट घातलेली प्रत्येक गोष्ट आणि तिला न सांगता खिरीत मिसळलेली प्रोटीन पावडर. लघवीची नळी होती, तरी शौचाचं ओलं राहू नये म्हणून आई तासातासाला बघायची. हवेची गादीही आणली, ती पंप लावलेली, एक एक कप्पा आळीपाळीनं फुगणारी. तिची घरघर रात्रभर. गादी आली म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही, हे सिस्टरांनी दोनदा बजावलं.

आणि ती जखम भरली. हे मला इथे ठळक लिहायचंय, कारण तेराव्याला हे कोणाच्या लक्षात नव्हतं. ड्रेसिंग उघडलं की सिस्टर आईला रंग विचारायच्या. काळं वाईट, पिवळं चिकट तेही बरं नव्हे, डाळिंबाच्या दाण्यासारखं लालभडक आणि दाणेदार दिसलं की समजायचं भरतंय. पहिलं डाळिंब दिसलं तेव्हा आईनं मला ऑफिसात फोन केला होता. मी मीटिंगमध्ये होते, "नंतर करते" म्हणाले. नंतर केला की नाही ते आठवत नाही. २०१२ च्या मे महिन्यात शेवटचं ड्रेसिंग निघालं. तिथे नुसती गुलाबी, आत ओढल्यासारखी खूण उरली.

त्या दिवशी सिस्टरांनी पट्टी गुंडाळून ठेवली आणि आईला म्हणाल्या, "आता तुमची पाठ दाखवा." आईला आधी कळलंच नाही. आठ महिन्यांत हा प्रश्न तिला पहिल्यांदा कोणी विचारला होता. तेव्हा ती ५६ वर्षांची होती. कमरेतला मणका सरकला होता, आणि ती कोणाला न सांगता सकाळ-संध्याकाळ गोळी खाऊन आजीला उचलत होती. डॉक्टर झाले, नातेवाईक झाले, मी झाले, सगळे विचारायचे ते "आजी कशी आहे?"

मग फेब्रुवारी २०१३. आजीचं खाणं सुटलं. पाणीही चमच्यानं. एका सकाळी अंग पुसताना आईनं बघितलं तेव्हा पाठ स्वच्छ होती, आणि संध्याकाळी जुन्या खुणेच्या वर मोठा जांभळा डाग, फुलपाखरानं पंख पसरावेत तसा. दुसऱ्या दिवशी तो काळा पडला. कूस चुकली नव्हती, गादी चालू होती, कॅलेंडरवर सगळे आकडे होते. चौथ्या दिवशी आजी गेली. अंघोळ घालताना आत्यानं जे बघितलं ते हे.

या सगळ्याचं मी पुढे काहीच वाचलं नाही. वाचायची हिंमत नव्हती म्हणा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम करताना एकदा सहज शोधायला बसले आणि चार रात्री वाचतच राहिले. "चूक कोणाची" हा प्रश्न आमच्या घरातला नाही, चांगला दीडशे वर्षं जुना आहे असं कळलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ मध्येच लिहून ठेवलंय की रोग्याला अशी जखम झाली तर दोष सहसा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. म्हणजे आत्याचंच म्हणणं. त्याच शतकात पॅरिसमध्ये शार्को नावाचे मोठे डॉक्टर अगदी उलट सांगत होते, की मज्जासंस्थाच बिघडली की जखम होणारच, शुश्रूषेनं काय होतंय. शंभरेक वर्षांनी इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या नर्सबाईंनी म्हाताऱ्या रोग्यांच्या वॉर्डात बसून नीट बघितलं आणि १९६२ मध्ये मांडलं की पाठीला काय चोळता त्यानं काही होत नाही, कूस बदलण्यानं होतं. आमचं स्पिरिट-पावडर २०११ मधलं!

अमेरिकेतल्या ब्रेडन आणि बर्गस्ट्रॉम या दोघींची धोका मोजायची एक पट्टी आहे, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली. जाणीव, ओलावा, हालचाल वगैरे सहा गोष्टींचे मार्क, एकूण २३ पैकी, जितके कमी तितका धोका जास्त. दवाखान्यातल्या आजीचे मार्क मी आठवून आठवून काढले. बारा आले. म्हणजे धोका चांगलाच मोठा. पाच मिनिटं लागली मला. २०१३ मध्येच, आजी गेल्यावर काही महिन्यांनी, अमेरिका-कॅनडातल्या वृद्धांच्या नर्सिंग होममधला एक अभ्यास आला : उत्तम फोमची गादी असेल तर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली तरी निकालात फरक पडला नाही. हे वाचून मी कॅलेंडरवरचे रात्रीचे आकडे आठवत बसले. अर्थात आमच्याकडे तशी गादी नव्हती आणि आजीला जखम आधीच होती, तेव्हा तो निकाल आम्हाला लागू नाही. तरीपण.

आणि मग सापडलं ते फुलपाखरू. कॅरन केनेडी नावाच्या नर्सबाईंनी १९८९ मध्ये त्याचं वर्णन केलंय. मरणाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला, बहुतेकदा माकडहाडावर, अचानक उठणारी, नासपतीच्या किंवा फुलपाखराच्या आकाराची, तासातासानं रंग बदलणारी जखम. सगळे तज्ज्ञ याबाबत एकमताचे नाहीत, पण बाकीचे अवयव थकतात तशी शेवटी कातडीही थकते, आणि तेव्हा होणारी प्रत्येक जखम टाळता येतेच असं नाही, हे आता बरेच जण मानतात.

दुसऱ्या दिवशी आई पावटे सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, फोटोही दाखवले. तिनं चष्मा पुसून नीट बघितले.

"अस्संच होतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "म्हणजे ती शेवटची आपल्यामुळे नव्हती?"

"बहुतेक नव्हती."

"आणि पहिली?"

मी म्हटलं, ती दवाखान्यातच सुरू झाली होती, आणि पुढे वाढवली माझ्या रिंगनं.

"रिंग तू आणलीस. बसवली मी."

यावर काय बोलणार? मी पावटे सोलायला घेतले. मग न राहवून विचारलं, की तेराव्याला तू हे का नाही बोललीस? पहिली जखम आपण भरून काढली होती, आठ महिने लागले, एवढं तरी सांगायचंस आत्याला.

"त्यांची आई गेली होती गं," आई म्हणाली. "त्या दिवशी काय हिशोब मांडायचा?"

आता राहिली आत्या. २०२३ मध्ये तिच्या यजमानांना अर्धांगाचा झटका आला. दोन महिन्यांनी एका रात्री आईला तिचा फोन. नुसतं रडणं. "वहिनी, आमच्याकडे पण झालं हो. मी इतकं करतेय, तरी झालं." आईनं पहिल्यांदा विचारलं, "वन्सं, टाचा बघितल्यात का?" आणि लगेच, "तुम्ही झोपता कधी?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आई गेली. कमरेला पट्टा, पिशवीत ते लुगडं. हवेची गादी केव्हाच कोणाकोणाकडे फिरून फाटली, लुगडं तेवढं आहे. आठ दिवस राहून आली. जखम वरवरची होती, वेळेत कळली, भरतेय म्हणाली. पलंग मात्र भिंतीलाच आहे, आत्या सरकवू देत नाही, हॉलची शोभा जाते म्हणे. आणि पाठ फिरली की अजून पावडर चोळते.